खानखोजेंचा मका आणि काकीचा तांदूळ

मे २०२५ मध्ये दिल्लीत दोन नव्या तांदळांची घोषणा झाली. एक डीआरआर धान १०० ऊर्फ 'कमला', दुसरा पुसा डीएसटी राइस १. दोन्ही जीनोम एडिटिंगने तयार केलेले. ही बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचेपर्यंत तिचं रूप पार बदललं होतं. सरकार आता कॉम्प्युटरवर बनवलेला तांदूळ खायला घालणार, असं काहीतरी. घरात इंजिनीअर मी एकटाच, त्यामुळे वैभववाडीहून काकीचा फोन मलाच आला. मी सॉफ्टवेअरवाला आहे आणि भाताचं मला तिच्या दहावा हिस्साही कळत नाही, हे तिला कधी पटलेलं नाही.

काकीचा संशय अगदीच हवेतला नाही. काही वर्षांपूर्वी रेशनच्या तांदळात जरा वेगळे, पांढुरके दाणे यायला लागले. गावात एकच चर्चा, प्लास्टिकचा तांदूळ. काकी ते दाणे निवडून कोंबड्यांना टाकायची. खरं तर ते फोर्टिफाइड दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून मशीनमध्ये पुन्हा तांदळाचा आकार दिलेला असतो. म्हणजे जे मुद्दाम तिच्यासाठी घातलं होतं, तेच कोंबड्या खात होत्या. कारण पिशवी हातात देताना तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

तर क्रिस्पर म्हणजे काय यावर एक सरळसोट लेख लिहायला बसलो होतो. वाचता वाचता एका माणसापाशी अडकलो आणि लेखाची गाडी मेक्सिकोला गेली. माणूस आपला, वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत वाचलंय. ते लिहिणाऱ्या वीणा गवाणकरांनीच खानखोजेंचंही चरित्र लिहिलंय. कार्व्हर घराघरांत पोचला, पण खानखोजे म्हटल्यावर माझ्या ऑफिसात चारपैकी तिघांनी विचारलं, कोण?

जन्म १८८० च्या दशकातला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयानक दुष्काळ मध्य प्रांत-वऱ्हाडात पडले, तेव्हा ते शाळकरी वयात होते. इंग्रजांचं राज्य उलथायचं, हे वेड तेव्हापासूनचं. टिळकांना भेटले आणि परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचं ठरवलं. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा. तिथे मिळेल ती मजुरी करत त्यांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या. एक, कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपायस मिलिटरी अकॅडमीत बंदूक आणि कवायत. दोन, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्र. क्रांतिकारकाला शेतीची पदवी कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. पण दुष्काळात वाढलेल्या मुलाला स्वराज्य आणि धान्य या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नसाव्यात.

१९१३ साली अमेरिकेच्या त्याच किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आणि कितीतरी पंजाबी गिरणीकामगार व शेतमजूर. खानखोजे तिच्या पहिल्या फळीतले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ते इराणमार्गे हिंदुस्थानच्या सीमेकडे निघाले. बलुचिस्तानच्या बाजूने सशस्त्र उठाव करायचा, असा बेत होता. तो फसला. लढाईत जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढची काही वर्षं इराण, बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को. या भागावर वेब सिरीज निघू शकते, पण मी तो भरभर सोडतोय, कारण मला जिथे पोचायचंय ते गाव अजून लांब आहे.

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत उतरले. वय चाळिशीच्या आसपास. मायदेशी परतायची सोय नाही, कारण ब्रिटिशांच्या यादीत नाव. हातात काय, तर शेतीची पदवी. मेक्सिकोत तेव्हा नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि १९१७ च्या घटनेनुसार मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना परत द्यायचं काम चालू होतं. रामोन दे नेग्री हे त्यांच्या ओळखीचे गृहस्थ तिथे शेतीखात्याचे मंत्री राहिलेले. खानखोजेंना चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. ही शाळाच मुळी एका जुन्या जमीनदारी वाड्यात भरत होती. पूर्वी एका राष्ट्राध्यक्षाच्या मालकीची हासिएन्दा, आता शेतकऱ्यांच्या पोरांचं कॉलेज. तिथल्या प्रार्थनागृहाच्या भिंती दिएगो रिवेरा हा चित्रकार त्याच काळात रंगवत होता.

आता मका. कोकणात मका म्हणजे पावसात घाटातल्या टपरीवर भाजून खायचं कणीस. करूळ घाट चढताना गाडी थांबते ती त्यासाठी. मेक्सिकोत मका म्हणजे आपला तांदूळ आणि ज्वारी दोन्ही एकत्र. दाणे चुन्याच्या पाण्यात उकडून रात्रभर भिजवतात, मग साल सुटते, ते वाटून पीठ करतात आणि त्याच्या पातळ भाकऱ्या थापतात, त्या तोर्तिया. चुन्याने चव आणि कॅल्शियम मिळतं, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. पोसोले नावाच्या रश्शाला मोठ्या, पिठूळ दाण्याचा मका लागतो, भाकरीला दुसरा. जसं आपल्याकडे पेजेचा तांदूळ वेगळा, घावण्यांचा वेगळा आणि पोह्यांचा भात वेगळा. त्यामुळे तिथे जाऊन मक्यात ढवळाढवळ करायची म्हणजे गंमत नाही. उद्या कोणी मेक्सिकन प्राध्यापक वैभववाडीत आला आणि म्हणाला की तुमच्या लाल तांदळापेक्षा हा बघा बरा, तर काकी त्याला चहा देईल, पण बियाणं घेणार नाही.

खानखोजेंनी नेमकी तीच ढवळाढवळ केली. मक्याचं झाड बघितलंत तर वर तुरा असतो, तो नर. खोडाला बगलेत कणीस, ती मादी. कणसाच्या टोकाचे रेशमी केस आहेत ना, त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा. केसावर पराग पडला तर तो दाणा भरतो, नाहीतर ती जागा रिकामी. संकर करायचा तर कणसावर कागदी पिशवी बांधायची, म्हणजे वाऱ्याने भलता पराग येणार नाही. मग हव्या त्या झाडाचा पराग आणून हाताने झटकायचा. एका हंगामात एकदाच. चुकलं की पुढचं वर्ष. आम्ही बिल्ड फेल झालं की पाच मिनिटांत पुन्हा चालवतो, म्हणून हे वाचताना मला जास्तच आदर वाटला.

त्यांनी मक्याचा संकर केला तो टिओसिन्टेशी. टिओसिन्टे म्हणजे मेक्सिकोतलं रानगवत. त्याला कणीस म्हणावं असं काही नसतं, पाच-दहा टणक दाण्यांची एक बारीक माळ असते फक्त. पण हाच मक्याचा पूर्वज. साधारण ९००० वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी या गवतातून निवड करत करत आजचा मका घडवला. मका आपोआप पेरला जात नाही, दाणे सोलून कोणी पेरले तरच उगवतो. म्हणजे माणसाने केलेला बदल इतका मोठा की झाड माणसाशिवाय जगूच शकत नाही. 'नैसर्गिक मका' असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

मग परत गवताशी लग्न लावायची काय गरज? कारण हजारो वर्षं फक्त मोठं कणीस बघून निवड केली की बाकीचे गुण मागे पडतात. रानगवत काटक असतं, एका बुंध्याला अनेक फुटवे, त्यांवर अनेक छोटी कणसं. ते गुण मक्यात परत आणायचे होते. अडचण अशी की संकरात निम्मी जनुकं गवताची येतात, नको ती सुद्धा. म्हणून आलेल्या पिकाचा पुन्हा मक्याशी संकर, पुन्हा निवड, पुन्हा संकर. कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगायचं तर अख्खी परकी ब्रँच मर्ज करायची आणि मग नको त्या ओळी वर्षाला थोड्या अशा काढत बसायचं.

जीएम आणि जीनोम एडिटिंग यांत फरक काय, ते इथेच सांगून टाकतो. जीएममध्ये बाहेरच्या जीवाचं एखादं जनुक उचलून पिकात बसवतात. बीटी कापसात आणि बीटी वांग्यात मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक आहे. त्याने झाडात एक प्रथिन तयार होतं आणि ते खाल्लं की बोंडअळी किंवा वांग्याची शेंडे व फळ पोखरणारी अळी मरते. ते जनुक वांग्याला संकराने कधीच मिळालं नसतं. एडिटिंगमध्ये पिकाच्या स्वतःच्याच जनुकात ठरलेल्या जागी कापाकापी होते, शेवटी बाहेरचं काही राहत नाही. कमला तांदूळ असाच, सांबा मसुरी या लोकप्रिय वाणाचं एक जनुक बदलून हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने केलेला. उत्पादन १९ टक्क्यांनी जास्त आणि पीक सुमारे २० दिवस लवकर, असा दावा आहे. दुसरा वाण खारट जमिनीत तग धरावा म्हणून केलाय. आमच्या वैभववाडीला त्याचा उपयोग नाही, आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी. पण खाली मालवण-देवगडच्या खाजण जमिनीवाल्यांनी नजर ठेवावी.

खानखोजे यातलं काहीच करत नव्हते. डीएनएची रचनाच कळली १९५३ मध्ये. तरी त्यांच्यापुढचा प्रश्न हाच होता. शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या दाण्यात बाहेरच्या माणसाने बदल केला, तर तो दाणा घरात शिरणार कसा?

त्यांनी काढलेला मार्ग मला त्यांच्या संकराइतकाच महत्त्वाचा वाटतो. चापिंगोत बसून बियाणं वाटण्याऐवजी ते गावांत गेले. १९२८ च्या सुमारास टेक्सकोको परिसरातल्या गावांमध्ये त्यांनी मोफत कृषी शाळा सुरू केल्या. त्यातल्या एकीला एमिलियानो झापाताचं नाव होतं, जमिनीसाठी लढून १९१९ मध्ये मारला गेलेला शेतकऱ्यांचा पुढारी. विद्यार्थी कोण, तर नुकतीच जमीन मिळालेले शेतकरी. जमीन मिळाली होती पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेले, स्वतः निर्णय घ्यायची सवयच नाही. शाळांना शेतकरी संघटनांचा पाठिंबा होता. म्हणजे नवा मका वरून आलेला पाहुणा नव्हता. तो कसा करतात हे बघायची सोय गावातच होती.

हे सगळं फोटोंत आहे. इटलीहून आलेली तीना मोदोत्ती ही फोटोग्राफर तेव्हा मेक्सिकोत होती. तिने या शाळांचे, मक्याच्या कणसांचे आणि खुद्द खानखोजेंचे फोटो काढले. १९३० मध्ये तिला देशाबाहेर घालवलं, पण फोटो राहिले. रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ मध्ये एक चित्र काढलं, त्याचं नाव 'आमची रोजची भाकरी' असं सांगता येईल. टेबलाभोवती माणसं बसलीत आणि मध्यभागी बसलेला सावळा माणूस सगळ्यांसाठी पाव मोडतोय. तो चेहरा खानखोजेंचा मानतात. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर अन्न वाढतोय. फोनवर चित्र शोधा आणि झूम करून बघा, खरंच.

त्यांच्या वाणांपैकी एकाचं नाव 'ग्रनादा', म्हणजे डाळिंब. नेहमीसारखं एकच लांब कणीस नाही, एकाच जागी कणसांचा घोसच. याशिवाय गहू, कडधान्यं, तेलबिया, रबर, कशाकशावर काम केलं. १९३६ मध्ये जॅन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. थोरली सावित्री. पुढे सावित्री साहनींनी वडिलांचं इंग्रजीतलं चरित्र लिहिलं.

आणि मग १९४७. ज्यासाठी चाळीस वर्षं वणवण केली ते घडलं, आणि हे मेक्सिकोत. १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेती सुधारण्यासाठी सल्ला द्यायला त्यांना बोलावलं. विमानतळावर अडवलं गेलं. ब्रिटिशांनी केलेली धोकादायक माणसांची यादी स्वतंत्र भारताच्या टेबलावर तशीच पडून होती आणि तीत खानखोजे हे नाव होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला जुना कॉन्फिग फाइल साफ करायचा राहिला असं म्हणून हसतो. इथे हसायला येत नाही. शेवटी प्रवेश मिळाला, काम झालं, ते परत मेक्सिकोला गेले. १९५५ मध्ये मात्र कायमचे आले आणि नागपुरात राहिले.

नागपुरातली वर्षं तशी शांत. मेक्सिकोत मंत्री आणि चित्रकार ज्यांच्या ओळखीचे, ते इथे एक म्हातारे गृहस्थ. मेक्सिकोत जे जमलं ते आपल्याकडे करायला त्यांना पुरेसं मैदान मिळालं नाही, असं मला वाटतं. गावागावांत शाळा, शेतकऱ्याच्या हाताने केलेला संकर, यातलं काही विदर्भात उभं राहिलं असतं तर, हा विचार येतोच. जानेवारी १९६७ मध्ये ते नागपुरात गेले.

त्याच सुमाराला मेक्सिकोचंच धान्य भारतात येत होतं, हा योगायोग मला सोडवत नाही. १९४४ पासून नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत गव्हावर काम करत होते. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. यात खानखोजेंचं बियाणं नव्हतं, उगाच त्यांना हरितक्रांतीचे जनक वगैरे करायला नको. असल्या पोस्ट फिरत असतात. पण गव्हाचं पुढे काय झालं ते काकीला सांगण्यासारखं आहे. लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ही वाणं भरभरून पिकली, आणि दाणा निघाला लालसर. लोकांना चपातीला पिवळसर शरबती गहू हवा. दुष्काळ होता, अमेरिकेहून जहाजं आली की भाकरी अशी अवस्था होती, तरी रंग चालेना. मग दिल्लीच्या पुसा संस्थेत स्वामिनाथन यांच्या गटाने सोनोरा ६४ वर गॅमा किरण सोडून त्याच्या जनुकांत बदल घडवला आणि पिवळसर दाण्याचा 'शरबती सोनोरा' काढला. १९६७ मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला. म्हणजे किरणोत्साराने जनुकं बदललेला गहू आपल्या आजी-आजोबांनी खाल्ला, आणि तो बदल झाला तोच मुळी त्यांना रंग आवडला नाही म्हणून. आंदोलन नाही, बंदी नाही. आज तेच कोणी करून 'किरणांनी बदललेला गहू' असं पाकिटावर छापलं, तर काय होईल याची कल्पना करा.

वांग्याचं उलटं झालं. जालन्याच्या महिको कंपनीने केलेल्या बीटी वांग्याला २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यात नागपूरही होतं. खूप गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत स्थगिती आली, ती आजही आहे. शेजारच्या बांगलादेशाने तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं आणि तिथले शेतकरी ते पिकवतात. मला स्वतःला बीटी वांगं खायला भीती वाटत नाही. पण सुनावणीला आलेल्या माणसाला थेट तयार झालेलं वांगं दाखवलं गेलं, त्याला ते वाढताना बघायला कधीच मिळालं नव्हतं, हे विसरून त्याला अडाणी म्हणणं मला पटत नाही.

मेक्सिकोचं विचाराल तर तिथे मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून जीएम मक्याच्या लागवडीवर बंदी घातली. आमचा मका आमचाच, हे आता घटनेत आहे. आणि त्याच देशात चापिंगो विद्यापीठाच्या आवारात सप्टेंबर २०२२ मध्ये, मक्याचा गवताशी संकर करणाऱ्या खानखोजेंचा पुतळा उभा राहिला. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला अनावरणाला गेले होते.

हे सगळं मी काकीला चतुर्थीला गावी गेलो तेव्हा सांगितलं. शेतात भात पोटरीत होता, पाऊस उघडला होता. क्रिस्परचं तिने ऐकून घेतलं. मेक्सिकोतल्या चुन्याच्या मक्याबद्दल मात्र तीनदा विचारलं, चुना किती घालतात, तोंड येत नाही का. मग कमला तांदळाबद्दल तिचे दोनच प्रश्न होते. पहिला, त्याचा उकडा करता येईल का. मी म्हटलं सांबा मसुरी बारीक दाण्याचा, तुझ्या पेजेला आवडेल असं वाटत नाही. दुसरा, या वर्षीचं धान्य पुढच्या वर्षी बियाण्याला ठेवता येईल की दरवर्षी दुकानात जायचं.

हा प्रश्न मी स्वतःहून शोधला नव्हता. कमला हायब्रिड नाही, सरळ वाण आहे, म्हणजे पेरलं की तसंच उगवणार. पण ज्या क्रिस्पर तंत्राने तो केला, त्याची मुख्य पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत, आणि ते मिटल्याशिवाय शेतकऱ्यापर्यंतचा रस्ता पूर्ण मोकळा म्हणता येत नाही. एवढं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि माळ्यावरची लाल तांदळाच्या बियाण्याची कणगी उंदरांनी कुरतडली आहे का ते बघायला मला वर चढवलं.